काचफेसाची होडी

होडी परत आली तेव्हा तिच्यात पाणी नव्हतं.

निवतळे बंदराच्या दक्षिणेला, काठच्या खडकांचं खडप संपतं तिथे, ती वाळूवर अलगद टेकलेली होती. इंजिन जागेवर होतं. नांगर दोरीने आवळलेला, तेलाचा कॅन पट्ट्यात अडकवलेला. जाळं नव्हतं. चपला नव्हत्या. मोबाइल नव्हता. गौरेश खवणेकर नव्हता. त्याचा जेवणाचा डबा मात्र मागच्या बाकाजवळच्या लोखंडी कडीला फडक्याने बांधलेला होता. आत कोलंबीचं सार आणि भात तसाच. झाकण इतकं घट्ट बसलं होतं की काढायला गौरेशच्या वडिलांना ते दगडाने ठोकावं लागलं.

ही २०४१ सालच्या ऑगस्टमधली गोष्ट. बंदरावर आदल्या दिवसापासून वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला होता. लाकडाच्या आणि जुन्या फायबरच्या होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवल्या होत्या. काचफेसाच्या होड्यांना मात्र तीन नंबरच्या बावट्यातही समुद्रात जायची परवानगी होती, कारण त्या बुडत नसत.

गौरेशची बायको निकिता धावत आली. होडीभोवती फिरली, आत वाकून पाहिलं आणि चक्क हसली.

"चपला नाय," ती म्हणाली. "वन्सं, बघा तरी. चपला नाय, मोबाईल नाय. बुडणारो माणूस चपला घालून बुडता?"

हर्षदाने, गौरेशच्या थोरल्या बहिणीने, होडीच्या काठावर हात ठेवला.

"मोठ्या ट्रॉलरवाल्यांनी उचललो असतलो. रेंज नसतली थंय. येतलो फोन." निकिताने सासऱ्यांच्या हातातून डबा घेतला. "आणि जेवलो नाय तो. उपाशी आसतलो."

हर्षदा होडीकडे बघत होती. जे बांधलेलं होतं तेवढंच होडीत उरलं होतं. न बांधलेली एकही वस्तू उरली नव्हती. याचा अर्थ एकच होऊ शकत होता आणि तो तिला तिथेच, वाळूवर उभ्या उभ्या कळला. कारण ही होडी तिनेच बनवली होती.

*

हर्षदा मटेरियल इंजिनिअर. पुण्यात एका प्रयोगशाळेत काही वर्षं काढून आईच्या आजारपणात ती निवतळ्याला आली आणि आई गेल्यावरही परत गेली नाही. त्या काळात किनाऱ्यावरच्या रिसॉर्टांमागे बाटल्यांचे ढीग माणसाच्या उंचीच्या वर गेले होते. काच कुजत नाही, जळत नाही आणि घाट चढवून कारखान्यात न्यायची म्हटली तर गाडीचं भाडंही सुटत नाही. भंगारवाले पत्रा नेत, प्लास्टिक नेत. बाटल्यांना कोणी हात लावत नसे.

हर्षदाने बंदराच्या मागे शेड घातली आणि भट्टी उभारली. रीत सोपी होती. बाटल्या धुवायच्या, फोडायच्या, मैद्यासारखी पूड होईपर्यंत दळायच्या. त्यात करवंटीच्या कोळशाची चिमूटभर पूड मिसळायची आणि साच्यात भरून भट्टीत ठेवायचं. आठशे अंशांच्या आसपास काच काकवीसारखी होते. त्याच वेळी कोळसा जळून वायू सुटतो. काच चिकट असल्यामुळे वायूला बाहेर पडायला वाट मिळत नाही, तो तिथल्या तिथे बुडबुडा धरतो आणि साच्यातली पूड आंबोळीच्या पिठासारखी फुगत वर येते. मग भट्टी अगदी सावकाश निववायची. घाई केली तर ठोकळा तडकतो. निवलेल्या ठोकळ्यात लाखो बुडबुडे असतात आणि प्रत्येकाला स्वतःची काचेची भिंत असते. एक फुटला तरी शेजारच्याला पत्ता लागत नाही. म्हणून पाणी वरच्या खरबरीत पापुद्र्यापलीकडे आत जात नाही. वजन पाण्याच्या सहाव्या हिश्श्याएवढं. थर्मोकोल उन्हाने भुगा होतो, तेलाने विरघळतो, पेट घेतो. काचफेसाला यातलं काहीच होत नाही.

पहिल्यांदा तिने कोळशाऐवजी तिसऱ्यांच्या शिंपल्यांची पूड घालून पाहिली होती. ठोकळा सुरेख फुगला, पण बुडबुडे एकमेकांत उघडत गेले आणि तो स्पंजासारखा पाणी प्यायला. ते फुकट गेलेले तुकडे गावातल्या बायकांनी टाचा घासायला नेले.

"ताय, इतक्या शिकान इलंस आणि वज्री बनवलंस," गौरेश म्हणाला होता. "बाजारात बसूया दोघां. मी बांगडे विकतंय, तू वज्री वीक."

पण बाटल्या गोळा करायला, भट्टी लावायला तोच असे. काचफेस करवतीने कापला की कुजक्या अंड्यासारखा वास सुटे. बाटलीच्या काचेत किंचित गंधक असतो, तो कोळशाशी मिळून होणारा हा वायू. भट्टीत तयार होतो आणि बुडबुड्यात अडकून राहतो. हर्षदाने हे समजावून सांगितलं तेव्हा गौरेशने नाक धरून त्याला नाव दिलं, 'भट्टीचो ढेकर.' गावात तेच नाव रुळलं.

पुढे होडी झाली. बाहेरून फायबरचं पातळ कवच, आतल्या सगळ्या पोकळीत काचफेसाचे ठोकळे, तळाला लोखंडाचा जड कणा. लाटेने उलटी केली तरी वरचा फेस तिला पाण्याबाहेर ढकले, तळाचं लोखंड खाली ओढे आणि डोलणाऱ्या बाहुलीसारखी ती पुन्हा सरळ उभी राही. मत्स्य खात्याचे अधिकारी चाचणीला आले. धक्क्यावरच्या क्रेनने होडी उलटवली. ती उठून उभी राहिली, आतलं पाणी बाजूच्या भोकांतून वाहून गेलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर बावट्याचा नियम बदलला.

होडी उलटी झाली तर ती उठेल, पण माणूस बाहेर पडेल, हे हर्षदाला तेव्हाही दिसत होतं. म्हणून तिने मागच्या बाकाजवळ एक कडी बसवली होती. कडीचा दांडा काचफेसाच्या ठोकळ्यातून आरपार जाऊन खाली कण्याला पेचाने आवळलेला. कडीला लांब दोरी, दोरीला कमरेचा पट्टा. चाचणीच्या दिवशी गौरेशने तो पट्टा सगळ्यांसमोर उंच धरला.

"माणसाक खंय बांधतत ठावक आसा मां, ताय? तिरडीर! जित्या माणसाक बांधणारी होडी माका नको."

धक्का हसला. वडीलही हसले. गमतीत म्हटलेलं वाक्य होतं, पण त्यानंतर निवतळ्यात कोणीही कमरेला पट्टा लावला नाही. जो लावील तो जिवंतपणी मढं झाला, असं सरळ कोणी म्हणत नसे. पट्टा दुसऱ्या कामाला येई. कोणी त्याने जाळं ओढी, कोणी रेडकू बांधी. गौरेशच्या होडीतल्या कडीला डबा लागला.

बाकीचे बदल हळूहळू झाले. होडी हलकी, म्हणून तीन माणसांचं काम एकटा करू लागला. न बुडणाऱ्या होडीत जॅकेट कशाला, म्हणून जॅकेटं घरात खुंटीला राहिली. वादळी दिवसांत बाजारात मासा नसतो, तेव्हाच काचफेसवाल्यांची वाट व्यापारी पाहू लागले. पूर्वी आभाळ बघून दर्यात न जाणाऱ्याला शहाणा म्हणत. आता त्यालाच विचारत, "काय रे, होडी काचेची मां तुझी? मगे?"

*

तटरक्षक दलाचं विमान घिरट्या घालून गेलं. आजूबाजूच्या बंदरांतल्या होड्या शोधून आल्या. काही सापडलं नाही.

निकिता हर्षदाला घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेली. तिथला अधिकारी तरुण होता, वागायला वाईट नव्हता. त्याने खुर्ची दिली, पाणी मागवलं.

"अडचण समजून घ्या," तो म्हणाला. "होडी बुडाली असती तर बुडून मृत्यू धरता आला असता. होडी सुस्थितीत आहे. मग आम्ही माणूस गेला असं कशावरून म्हणायचं? बेपत्ता म्हणूनच राहणार. कायद्याने सात वर्षं थांबावं लागतं."

"तो गेलो असा सांगूक मी इलंयच नाय," निकिता म्हणाली. "शोधा म्हणूक इलंय. केरळाच्या बोटी असतत, गुजरातच्या असतत. तेंका कोणी विचारल्यान?"

अधिकाऱ्याने हर्षदाकडे पाहिलं. हर्षदाने खाली पाहिलं.

गावातही तेच. निवतळ्यात समुद्राने ठेवून घेतलेल्या माणसाचा विधी बाबली मेथर करत. मूळचे होडी बांधणारे सुतार, सत्तरी उलटलेली. पळसाची पानं आणि दर्भ यांचा माणूस करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, आणि त्याच्या होडीची किनाऱ्याला लागलेली फळी छातीवर ठेवून पेटवायचं. फळी नसेल तर विधी नाही. या अटीमागे एक जुनी हकीकत होती. बाबलीकाकांच्या आजोबांच्या काळात एका तांडेलाचा, होडीच्या म्होरक्याचा, असा विधी फळी मिळण्याआधीच उरकला. काही वर्षांनी तो अरबी गलबतातून परत आला. ज्याला अग्नी दिला त्याला घरात घ्यायचं कसं, हे कोणाला कळेना. बायकोचं कुंकू पुसलेलं. तो खाडीकाठी खोपट बांधून एकटा राहिला आणि मेला तेव्हा त्याला दुसऱ्यांदा जाळायला कोणी तयार होईना. तेव्हापासून गाव फळीची वाट बघतं. होडी मोडली म्हणजे माणूस गेला, हे सरकार आणि गाव दोघंही मानत आले होते.

काचफेसाची होडी मोडत नव्हती.

निकिताने हिरव्या बांगड्या तशाच ठेवल्या. रोज डबा घासून, पुसून ती मांडणीवर पालथा ठेवी. फोन वाजला की पदराला हात पुसत धावे.

"तिका सांगू नको," वडील हर्षदाला म्हणाले. ते पूर्वीचे तांडेल. गुडघे गेल्यापासून घरीच असत. "आशेर जगता ती. जगांदे."

"बाबा, बाकीच्या घरांतले रोज जातत. तेंका सांगूक व्हया मां?"

"तेंका सांग. तिका नको."

"एकाच गावात ता कसा जमतला?"

वडील काठी टेकत आत गेले.

हर्षदाने होडीवाल्यांना गोळा करून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. एकजण म्हणाला, "भावाच्या दुःखात तुका असा दिसता गो बाय. होडी काय माणसाक टाकून पळता?" दुसरा म्हणाला, होडी सरळ झाली की पोहून जाऊन धरायची, त्यात काय. हर्षदाला त्यांचा राग आला नाही. तिलाही मनातून वाटत होतं की आपली चूक होत असावी. ती पडताळून बघायला हवी होती.

*

दुपारचा वारा सुटल्यावर ती, वडील आणि बाबलीकाका दोन होड्या घेऊन खाडीच्या तोंडाशी गेले. एक बाबलीकाकांची जुनी लाकडी, एक गौरेशची. हर्षदाने एका पोत्यात सोललेले नारळ आणि थोडी वाळू भरली होती. वाळू कमीजास्त करत तिने पोतं असं जमवलं की पाण्यात ते माणसासारखं तरंगावं, वर फक्त डोक्याएवढा भाग.

आधी लाकडी होडी उलटवली. पोतं बाजूला पडलं. होडी पोट वर करून, अर्धी पाण्यात, म्हशीसारखी पडून राहिली. वाऱ्याला धरायला तिचं अंग वर नव्हतं. होडी आणि पोतं दोघांना एकच पाणी नेत होतं, त्यामुळे दोघांमधलं अंतर जवळपास तेवढंच राहिलं. बराच वेळ ती शेजारी शेजारी वाहत होती.

"आमच्या येळेक असाच होता," वडील म्हणाले. "एकदा उलटी झाली तर रातभर पाठीर बसान काढलंय मी. तुझी आवस तेव्हा पोटुशी होती."

मग लाकडी होडी सरळ करून, पाणी उपसून ते तिच्यात बसले. आता गौरेशची होडी. दोर ओढून ती उलटवली आणि एका श्वासात ती उठली. पाणी झटकल्यासारखं बाजूंनी निथळलं. हलकी, कोरडी, पाण्याच्या वर उंच. वाऱ्याने तिची कूस धरली आणि ती निघाली. इंजिन बंद, कोणी वल्हवत नव्हतं, तरी कोणी बोलावल्यासारखी ती सरळ पलीकडच्या काठाकडे चालली. पोतं तिथेच होतं. दोघांमधलं पाणी वाढत गेलं.

"गाठतलो माणूस पोहून?" वडिलांनी विचारलं.

"ह्या वाऱ्यात नाय. त्या दिवशी वारो ह्याच्या दुप्पट होतो."

होडी पलीकडच्या वाळूला लागली तेव्हा पोतं अजून खाडीच्या मध्यावर होतं. बाबलीकाकांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

धक्क्यावर निकिता उभी होती. सासऱ्यांसाठी चहाचा थर्मास घेऊन आली होती. किती वेळ उभी होती कोणास ठाऊक. ते काठाला लागले तसा तिने थर्मास खाली ठेवला.

"पोत्यात काय होता?"

"नारळ," हर्षदा म्हणाली.

"नारळ कित्याक?"

हर्षदाने सांगायला तोंड उघडलं, पण निकितानेच उत्तर दिलं. "माणसासारखे तरंगतत म्हणान."

वडील पाण्याकडे वळले.

"म्हणजे तो पाण्यात होतो," निकिता सावकाश बोलत होती, धडा पाठ म्हणावा तशी. "चपला पायातसून गेल्यो. मोबाईल गेलो. आणि होडी तेका दिसत होती."

"होय."

"जाताना दिसत होती."

हर्षदाने हातातला दोर खाली ठेवला.

"बुडाची नाय म्हणान तुम्ही केलात ही होडी. बुडाली असती तर बरा झाला असता, वन्सं. तेणां धरल्यान तरी असती."

तिचा आवाज चढला नाही. तिने थर्मासचं झाकण उघडलं, कपात चहा ओतला, सासऱ्यांपुढे धरला. त्यांनी घेतला नाही, तेव्हा तिने तो तसाच पाण्यात ओतून दिला.

"आदल्या येळेक डबो कलंडलो होतो," ती म्हणाली. "सार सगळा सांडला. तेणां माका बोल लावल्यान, साधो डबो बांधूक येना नाय. म्हणान ह्या खेपेक मी स्वतः जाऊन बांधलंय. त्या कडयेक. दोन गाठी मारलंय. तो थंयच उभो होतो, हसत होतो." ती थांबली. "डब्याक दोन गाठी मारलंय मी."

*

काही दिवस ती हर्षदाशी बोलली नाही. मग एका सकाळी तीच शेडमध्ये आली. हातात बांगड्या नव्हत्या. हिरव्या बांगड्या तिने फोडल्या नव्हत्या, एकेक करून उतरवल्या होत्या आणि रुमालात आणल्या होत्या. त्या तिने भट्टीबाहेरच्या बाटल्यांच्या ढिगावर ठेवल्या.

"काचच मां ही पण," ती म्हणाली. "चला, बाबलीकाकांकडे जावया."

बाबलीकाका अंगणात रंधा धारेला लावत बसले होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"होडी साबूत आसा गो. फळी खंयसून देतलंस?"

"काढून देतंय," हर्षदा म्हणाली.

"काढलेली फळी न्हय ती. दर्यान मोडलेली व्हयी. तशी रीत आसा. पाप माझ्या माथ्यार येता."

"ही होडी दर्याक मोडाची नाय, काका," निकिता म्हणाली. "म्हणानच तर तो गेलो."

बाबलीकाकांनी रंध्याचं पातं बोटाने चाचपलं. आयुष्यभर त्यांनी न मोडणाऱ्या होड्या बांधायचा प्रयत्न केला होता. पातं खाली ठेवून ते म्हणाले, "हाड. घेवन ये ती फळी."

हर्षदाने गौरेशच्या होडीचं मागचं बाक उचकटलं. कोणता ठोकळा, हे तिने विचारलं नाही आणि निकिताने सांगितलं नाही. कण्याचा पेच सोडवून, कडीच्या चारी बाजूंनी तिने करवत चालवली. वास सुटला. निकिता मागे सरली नाही.

"भट्टीचो ढेकर," ती म्हणाली.

"होय."

"हो ठोकळो केलात तेव्हा भट्टीर कोण होता?"

"गौरेश. जाळ तोच बघी."

"म्हणजे तेव्हाची हवा ही."

हर्षदाने करवत थांबवली. शास्त्राच्या दृष्टीने यात काही चूक नव्हती. बुडबुडा बंद झाला त्या क्षणाचा वायू आत जसाच्या तसा राहतो. "होय," ती म्हणाली. "तेव्हाचीच."

निकिता कापलेल्या बाजूवर वाकली. वास घाण होता, डोळ्यांत पाणी आणणारा. ती बराच वेळ तशीच वाकून राहिली. नवी फट पडली की वास पुन्हा येई आणि मग वाऱ्याने जाई.

*

विधी ओहोटीच्या वेळी झाला. पळसाच्या पानांचा माणूस फार लहान दिसत होता. ठोकळ्याने त्याची सगळी छाती झाकली. कडी वर आली होती. अग्नी वडिलांनी दिला. त्यांना वाकता येईना, तेव्हा निकिताने त्यांचा हात धरून खाली नेला. पानं तडतडली, नारळ फुटला. बाबलीकाका मंत्र म्हणून थांबले आणि सगळे फळी जळायची वाट बघत उभे राहिले.

हर्षदाला माहीत होतं की ती जळणार नाही. लाकडाचा उघडा जाळ भट्टीएवढा तापून राहत नाही. काचफेस त्यात काळा पडतो, वरून तडे जातात, बस. पण हे आता सांगण्यात अर्थ नव्हता.

पानं, दर्भ, लाकूड, सगळ्याची राख झाली. राखेत काळा ठोकळा आणि त्यात कडी. लोक कुजबुजले. बाबलीकाकांनी काठीने तो उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"इतक्या झाला ता झाला," ते शेवटी म्हणाले. "राख सोडा. ह्यो पण सोडा."

राख पाण्यात मिसळली. ठोकळा तरंगला. निकिताने तो पायाने ढकलला, मग गुडघाभर पाण्यात जाऊन हाताने ढकलला. ओहोटी त्याला घेऊन गेली. भरतीने तो परत आणला. तिने पुन्हा सोडला, तो पुन्हा आला. रापणीच्या वाळूवर, होड्या ओढतात तिथेच. शेजारणी म्हणाल्या, दगड बांध आणि बुडव. हर्षदा म्हणाली, मी खोल पाण्यात नेऊन टाकते.

"नको," निकिता म्हणाली. "येणारा ता येंवदे."

त्या रात्री जेवताना ती गौरेशच्या आवडीनिवडीबद्दल पहिल्यांदा 'होतो' म्हणून, भूतकाळात बोलली. तिखट कमी खात होतो तो, असं काहीतरी. वडिलांचा घास हातातच राहिला. हर्षदाने भाताचं पातेलं पुढे सरकवलं.

बाटल्यांच्या ढिगावरच्या बांगड्या तिथेच होत्या. हर्षदा बाटल्या दळायला नेई तेव्हा त्या बाजूला सारून ठेवी. त्या साच्यात घालायला तिचा हात होत नव्हता.

*

सुतक फिटल्यावर, आभाळ निवळल्यावर, होड्या पुन्हा निघाल्या. धक्क्यावर काचफेसाच्या होड्या ओळीने उभ्या होत्या. हर्षदाने प्रत्येकीत नवी दोरी, नवा पट्टा ठेवला होता. लोक पट्ट्याकडे बघत आणि इंजिनाशी खुडबुडत बसत. कोणाला नकार द्यायचा नव्हता. कोणाला पहिला व्हायचं नव्हतं.

गौरेशच्या होडीत बाकाखाली भोक तसंच होतं. निकिता तो काळा ठोकळा कडेवर घेऊन धक्क्यावर आली.

"ह्यो बसवा, वन्सं."

"अगो," बाबलीकाका पुढे झाले, "आगीतसून इलेली वस्तू ती. होडयेत कशी ठेवतलंस?"

"दर्यान परत दिल्यान मां? मगे दर्याकच विचारा."

हर्षदाने ठोकळा भोकात सरकवला. तो नेमका बसला. त्या जागेला दुसरा कोणताही बसला नसता. वरचे बुडबुडे फुटले होते, आतले शाबूत होते. तिने दांडा कण्याला लावून पेच आवळला आणि कडीला लोंबकळून पाहिलं. हलली नाही.

तेवढ्यात वडील काठी टेकत होडीत उतरले. काठी धक्क्यावर ठेवली. त्या दिवशीची खाडी सोडली तर कित्येक वर्षांत ते दर्यात गेले नव्हते. ते कडीजवळ उभे राहिले आणि अंगडं घालून घ्यायला मूल राहतं तसे त्यांनी दोन्ही हात वर केले.

धक्क्यावर निकिताने एकदा मागे वळून पाहिलं. होड्या निघताना विधवेने पुढे यायची रीत नव्हती. कोणी तिला अडवलं नाही, कोणी ये म्हटलं नाही. ती पाण्यात उतरली. सासऱ्यांच्या कमरेला तिने पट्टा आवळला. इतकी वर्षं ज्याला लोक हसले ते काम ती करत होती, आणि धक्का गप्प होता. इंजिनं बंद होती. पाण्याचा आवाज तेवढा येत होता.

दोरीचं दुसरं टोक तिने कडीतून ओवलं.

"घट झाला काय गो?" वडिलांनी विचारलं. त्यांचे हात अजून वरच होते.

"थांबा," निकिता म्हणाली आणि दुसरी गाठ मारली.